ढालीमागचा हात

ढालीला हात लावण्याआधी साहेबांनी एकच प्रश्न विचारला. मिश्रण कोणी केलंय?

दादा लगेच सुरू झाला. आमची माणसं जुनी आहेत, अनुभव दांडगा आहे, वगैरे. साहेबांनी मान हलवून त्याला मध्येच थांबवलं. तेव्हा दादाची धाकटी बहीण पुढे आली. "मी केलंय," ती म्हणाली. साहेबांनी तिला ढाल बसवलेल्या लोखंडी चौकटीच्या कडेला, आपल्याला नीट दिसेल असं उभं राहायला सांगितलं.

कारखाना दोघा भावंडांचा होता. दादा बाहेरचं बघायचा, ती आतलं. मध आणि रेझिन यांतला फरक दादाला डब्यावरचं लेबल वाचल्यावर कळायचा, पण बोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं. या वर्षी मात्र तीन मोठी गिऱ्हाइकं गेली होती. ही ढाल पास झाली तरच सतरा कामगारांना पुढे काम होतं. हे दादाने कोणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

साहेब अग्निशमन दलाचे. आगीत शिरताना जवान जी ढाल पुढे धरतात, ती पास करायचं काम त्यांच्याकडे होतं. आतापर्यंत त्यांनी चार कारखान्यांना परत पाठवलं होतं. त्यातल्या तिघांचे आकडे चोख होते, तरीही. साहेब उजव्या हाताचा मोजा काढतात, समोरून जाळ चालू असताना ढालीच्या पाठीला तळवा टेकवतात आणि दहा मिनिटं हलत नाहीत, असं सगळे सांगायचे. त्या हाताला फसवता येत नाही, असंही सांगायचे.

ढालीसाठी तिने आठ महिने घातले होते. उष्णता सोसणारं रेझिन तिच्याकडे होतं, पण ते काचेसारखं ठिसूळ. जरा आपटलं की तडा. त्याला चिवटपणा यावा म्हणून एक पिवळसर पावडर त्यात विरघळवायची होती. ती एकदम टाकली की गुठळ्या व्हायच्या, कमी टाकली की तडे जायचे. शेवटी तिला जमलं. रेझिन गरम करायचं, पावडर चिमटी चिमटीने सोडायची, ढवळणी थांबू द्यायची नाही. चार तासांनी दुधी रंग जाऊन भांड्याचा तळ दिसायला लागला की दोन्ही एक झाले. मग हवा काढायची, काळ्या कापडाचे थर त्यात भिजवायचे आणि भट्टीत घालायचे.

चार तास दादाला फार वाटायचे. पावडर निम्मी करू, दीड तासात उरकेल, कोणाला कळणार आहे, असं त्याने दोनदा सुचवून पाहिलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "दादा, तू विक. शिजवायचं माझ्यावर सोड." त्यानंतर तो विषय निघाला नाही. आज सकाळी दादाने गठ्ठ्यातली सगळ्यात सुबक ढाल निवडून पुसून ठेवली होती. ती म्हणाली होती, कुठलीही दे, सगळ्या सारख्याच आहेत. दादाला तो आगाऊपणा वाटला होता.

जाळ सुरू झाला. साहेबांच्या मदतनिसाने ढालीच्या पाठीला तापमानाची तार चिकटवली आणि तो काट्याकडे बघत आकडे लिहू लागला. साहेबांनी मोजा काढला आणि तळवा टेकवला.

चौथ्या मिनिटाला टक् असा आवाज झाला.

दादा दचकला. त्याने आधी ढालीकडे पाहिलं, मग साहेबांच्या हाताकडे, मग दाराकडे. बहीण मात्र जागची हलली नाही. चौकटीचा आवाज आहे, लोखंड तापलं की बोलतं, असं तिने शांतपणे सांगितलं. कालच्या भाजीत मीठ बरोबर होतं, असं सांगावं तसं.

दहा मिनिटं झाली. काटा हद्दीच्या बराच आत होता. दादाने श्वास सोडला आणि जाळ बंद करायला हात पुढे केला.

"अजून पाच मिनिटं राहू द्या," ती म्हणाली.

दादाने तिच्याकडे असं पाहिलं की जमलं असतं तर नजरेनेच तिला घरी पाठवून दिलं असतं. साहेबांनी तळवा उचलला नाही.

पाच मिनिटंही गेली. जाळ बंद झाला. मदतनिसाने कागद पुढे केला. साहेबांनी त्यावरच्या आकड्यांवरून एक नजर फिरवली आणि खाली सही केली. तीनशे ढाली हव्या होत्या.

दादाला आता वाचा फुटली. त्याने साहेबांसाठी खुर्ची ओढली, चहा मागवला, आणि मग त्याला राहवेना. त्याने विचारलं, पंधरा मिनिटं हात ठेवलात, एकदाही चटका बसला नाही?

साहेब मोजा चढवत होते. "काटा एवढ्या एका ढालीचं सांगतो," ते म्हणाले. "माझी पोरं उरलेल्या घेऊन आत जाणार. त्या कशा निघतील, ते मला बनवणाऱ्याच्या तोंडावरून वाचावं लागतं. हा हात एका पास झालेल्या ढालीमागेच भाजलाय. बारा वर्षं झाली, याला गरम काय नि गार काय, काही कळत नाही."