शोभेचं बटण

भाची दार न ठोठावताच आत आली.

"मामा, आईचा नंबर आज तुझ्याकडे येणार आहे. सिस्टर म्हणाल्या."

"कळलंय मला."

"मग? काहीतरी कर ना!"

मामाची नजर संगणकाच्या पडद्यावर होती. इस्पितळाच्या तळघरातली ही खोली म्हणजे एक टेबल, एक पडदा आणि दोन बटणं. कुणाचे उपचार थांबवायचे, ते यंत्र सांगायचं. पण नियम असा की शेवटचं बोट माणसाचं हवं. ते बोट याचं. सगळं इस्पितळ पाठीमागे त्याला होयबा म्हणायचं, आणि त्याला ते ठाऊक होतं.

"अगं, माझ्या हातात काय असतं? यंत्र ठरवतं, मी हिरवं बटण दाबतो."

"आणि ते तांबडं?"

"ते शोभेचं आहे."

हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आधीचे साहेब निवृत्त होताना त्याला खुर्चीत बसवून म्हणाले होते, "तांबड्याच्या वाटेला जाऊ नकोस. त्याची तार कुठेच जात नाही. जिवाला लावून घेऊ नकोस, मजेत राहशील." त्यांना त्यांच्या आधीच्यांनी असंच सांगितलं होतं.

मजेत तो कधीच राहिला नाही, पण निदान झोप यायची. मध्यंतरी एका गवंड्याच्या बायकोने लिफ्टमध्ये त्याचे पाय धरले होते. "मी नुसता हुकमाचा ताबेदार, बाई," असं म्हणत त्याने पाय सोडवून घेतले. बाई तिथेच बसून राहिली. आपण खोटं बोललो नाही, एवढ्या आधारावर तो त्या दिवशी घरी जाऊन दोन घास जेवू शकला.

"मग तुला इथं बसवलंय कशाला?" भाचीने विचारलं.

"कुणीतरी माणूस बसलेला दिसायला हवा म्हणून."

भाचीने असं काही बघितलं की त्याची मान खाली गेली.

"आईने तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं, मामा," एवढंच बोलून ती वर निघून गेली.

थोड्या वेळाने पडदा उजळला. नाव नसायचंच, पण खाट ताईचीच होती. खाट अकरा, स्त्री, सुधारणेची शक्यता नगण्य. खाली नेहमीची ओळ होती. यंत्राचा सल्ला: उपचार थांबवावेत. सल्ला म्हणायचं आपलं, हुकूमच तो.

त्याचं बोट सवयीने हिरव्या बटणाकडे गेलं. त्याचा रंग कधीच उडाला होता. आई गेल्यावर ताईने स्वतःची शाळा सोडली होती आणि रोज त्याचा हात धरून त्याला शाळेत पोचवलं होतं. उपयोग काडीचा नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी ताईवर आपलं बोट नको. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, तसा तो तांबड्या बटणाकडे वळला. त्यावर कारखान्यातलं प्लास्टिक अजून चिकटलेलं होतं, ते नखाने सोलून काढावं लागलं.

डोळे मिटून त्याने बटण दाबलं.

काही झालं नाही. घंटा वाजली नाही, कुणी धावत आलं नाही. झालं ते अपेक्षेप्रमाणेच. टेबलावर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडला.

मोबाईल वाजला.

"मामा!" भाची रडता रडता हसत होती. "डॉक्टर मशीन काढायला आले होते, ते दारातूनच परत गेले! आईचं सगळं चालू ठेवणार आहेत. काय केलंस रे तू?"

त्याने डोळे पुसले आणि पडद्याकडे पाहिलं.

'नकार अमलात आणला आहे. उपचार सुरू राहतील. या खुर्चीतून आलेला हा पहिलाच नकार.'