हुंकाराची पदवी

“नुसतं ‘हं’ म्हणायला शिकायचं, आणि त्याला तीन वर्षं?” विद्याधररावांनी कपाळावर हात मारला. मनोयंत्राच्या इंजिनिअरिंगला मिळालेली सीट सोडून ऋजुता, त्यांची एकुलती एक लेक, श्रवणाची पदवी घ्यायला निघाली होती.

“बाबा, मनाच्या आजाराचं निदान यंत्र करतं, औषधही तेच देतं. तरी पेशंट बरे होत नाहीत. समोर बसून कुणी माणसाने मनापासून ‘हं’ म्हटलं, की मगच औषध लागू पडतं. तेच सगळ्यात अवघड आहे.”

“डोंबलाचं अवघड! मी जन्मभर म्हणतोय, तेही फुकट!”

शेजारी मटार सोलत बसलेल्या त्यांच्या पत्नी सुलभाताई मघापासून हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. “हं,” विद्याधरराव त्यांना सवयीने म्हणाले आणि पुन्हा लेकीवर घसरले, “लोक हसतील आपल्याला!”

“मी आत्ता काय सांगितलं?” सुलभाताईंनी विचारलं.

विद्याधररावांना काही केल्या आठवेना. ते वैतागून म्हणाले, “मटारांचंच काहीतरी ना?”

“हल्ली मला जगावंसंच वाटत नाही, असं म्हणाले मी,” सुलभाताई शेंग सोलत म्हणाल्या. “तुम्ही ‘हं’ म्हणालात.”