शेवटच्या घराचा फोटो

जहाजावरचा स्वयंपाकी फ्राने याच्या गावचं बेट बघायला प्रवासी डेकवर गर्दी करत, तेव्हा तो खाली बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात त्यांचीच अंडी तळत असे. किनाऱ्यावरच्या घराच्या गच्चीवर आई पांढरी चादर हलवत उभी असणार, हे त्याला ठाऊक होतं. मुलाचं जहाज जवळून जाताना बेटावरच्या आया असंच करतात. एवढं सगळं सांगायची लाज वाटली, म्हणून जहाजावरच्या फोटोग्राफरला, झाग्रेब शहरातल्या इगोरला, तो नुसतं म्हणाला, "किनाऱ्यावरच्या शेवटच्या घराचा एक फोटो काढ ना."

संध्याकाळी इगोर फोटो घेऊन आला. "बघ लेका, कॅलेंडरवर छापण्यासारखा!"

निळं पाणी, पाइनची झाडं, घर. गच्ची मात्र रिकामी.

"इथे... कुणीच नव्हतं?"

"होती ना एक म्हातारी! बेट दिसेनासं होईपर्यंत चादर झटकत होती. कॉम्प्युटरवर तिला फोटोतून पुसून टाकण्यातच माझी दुपार गेली."