गल्लीकडची खिडकी

गवंडी ओळंबा सोडून भिंत तपासत होता, तेवढ्यात काका डोक्यावर खिडकीची चौकट घेऊन आले. पुराच्या गाळातून उकरून काढलेली, घासूनपुसून लख्ख केलेली.

“ही इथे बसवायची. गल्लीकडे.”

“काका, मदतीच्या घरांचा नकाशा ठरलेला असतो. खिडकी मागच्या बाजूला.”

“मागे बसून काय बघणार? त्या रोज संध्याकाळी इथेच वाचत बसायच्या.” काकांचा आवाज खाली गेला. “जुनं घर पडल्यापासून मुलीकडे आहेत. ही खिडकी दिसली नाही, तर तिकडेच राहतील.”

बायकोला अहोजाहो करणारा नवरा गवंड्याने पहिल्यांदाच पाहिला. जुनी माणसं, असं मनाशी म्हणत त्याने कामावरच्या साहेबांना गळ घातली. साहेबांनी आढेवेढे घेत मान डोलावली.

मग काका रोज छावणीतून यायचे. विटा भिजवायचे, भिंतीवर पाणी मारायचे. चौकट वीतभर वर गेली, तर हट्टाने खाली घ्यायला लावली. “खुर्चीत बसल्यावर चेहरा... म्हणजे, चेहऱ्यावर उजेड यायला हवा.”

“आणि ओटा किती उंच घेऊ?”

काका गांगरले. “ते त्यांनाच विचारा.”

“स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलेलं दिसत नाही तुम्ही!”

“नाही टाकलं,” काका म्हणाले. हसले मात्र नाहीत.

समोरचं घर अजून तसंच चिखलात होतं.

“ह्याच्या मालकाला घर नकोसं झालंय की काय?” गवंडी म्हणाला.

“बांधेल सावकाश. घाई नसेल त्याला.”

रंग वाळला आणि काकू आल्या. “नुसतं बघून जाणार आहे हं मी,” मुलीला दारातच बजावलं. मग खिडकीपाशी थबकल्या. चौकटीवरून हात फिरवला. खाली वाकून पाहिलं, पुन्हा हात फिरवला.

“बॅगा उतरव,” त्या म्हणाल्या.

गवंड्याची छाती फुगली. “सगळं काकांनी करून घेतलंय, काकू. ते काय, तिकडे उभे आहेत. ओ काका, स्वतःच्या घरात यायला लाजताय काय? या की!”

समोरच्या पडक्या दारातले काका झटकन आत सरकले.

काकूंनी खिडकीतून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

“ते होय?” त्या म्हणाल्या. “ते समोर राहतात. इतक्या वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.”