सोनं चालतं

सूर्यावर वादळ उठलं की पृथ्वीचं चुंबकत्व थरथरतं. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानस गावच्या आमच्या वेधशाळेत ती थरथर मोजतात. यंत्राच्या लाकडी खोलीत लोखंडाची टाचणीसुद्धा नेता येत नाही. सोनं मात्र खुशाल चालतं.

आज आत जायची पाळी माझ्या सहकारी झोलेकाची होती. किल्ल्या, पट्टा, केसांतल्या पिना असं सगळं तिनं दाराशी काढून ठेवलं. नवी अंगठी तेवढी बोटात राहिली.

"लुथांडोनं मागणी घालताना दिलीय. अस्सल सोनं आहे, जळू नकोस."

"जा बाई, सोनं चालतं," मी म्हणाले.

तिनं यंत्राला हात लावला आणि माझ्यासमोरच्या पडद्यावरची सरळ रेघ उसळली. हात काढला, रेघ पुन्हा सरळ. परत लावला, परत उसळली.

"काय गं, सूर्यावर वादळ आहे का?" तिनं आतून विचारलं.

"हो, मोठं आहे. तू चालू ठेव."

सूर्य आठवडाभर शांत होता.



लुथांडोनंच दिलेली अंगठी घालून मी वर्षभर त्या खोलीत जातेय. माझ्या हातानं रेघ एकदाही हललेली नाही.