कोटातली कुस्ती

मंगोलियाच्या दोर्जची पाठ धपकन गादीवर आपटली. दोन्ही खांदे टेकले. कवडू त्याच्या छातीवरून उठला, गादीला लावलेला हात कपाळाला लावला आणि सरळ वस्ताद देवरावांच्या पाया पडायला धावला.

आता कुस्तीत याच्यापुढे असतं काय? सावनेरच्या आखाड्यात कवडूनं बारा वर्षं हेच केलं होतं. पाठ लावायची, उठायचं, पाया पडायचं. त्र्याऐंशी साली नागपुरात सहा देशांची सांबो स्पर्धा भरली, तेव्हा महिनाभर आधी त्याला ही रशियन कुस्ती शिकवली. म्हणजे लाल कोट घालायला आणि कमरेला पट्टा बांधायला शिकवलं. वर कोट, खाली अर्धी चड्डी, असा अर्धवट साहेब होऊन तो आज तिसऱ्या नंबरसाठी उतरला होता. नियमांचं पुस्तक रशियनमध्ये होतं. देवराव ते रोज उशाशी घेऊन झोपत.

"लावली ना गा पाठ! विषयच संपला!" देवरावांनी त्याला छातीशी धरलं.

सावनेरहून ट्रक भरून आलेली मंडळी गादीपाशी घुसली. डफडं वाजू लागलं. कवडू खांद्यावर चढला. त्याच्या डोळ्यांपुढे पक्क्या नोकरीचा कागद नाचत होता. नऊ वर्षं तो सरकारी गोदामात रोजंदारीवर पोती वाहत होता. गोदामाचे साहेब गणपतराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, पदक आण, खेळाडूंच्या राखीव जागेवर तुला परमनंट करतो. त्याच्या बायकोनं, रंभाबाईनं, तर कालच शेजारणींना पेढे वाटून टाकले होते.

मागे पंच शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले होते.

"काहून बोंबलून राहिला गा तो?" कवडूनं वरून विचारलं.

"खुश झाला असन," देवराव म्हणाले.

पंच अजिबात खुश नव्हते. सांबोत पाठ लावली की नुसते गुण मिळतात. पाडणारा स्वतः उभा राहिला तरच कुस्ती तिथं संपते, आणि कवडू तर दोर्जच्या अंगावरच पडला होता. ते गुण धरूनही फळ्यावर दोर्ज एका गुणानं पुढे होता. एक मिनिट शिल्लक होतं. पंचांनी कवडूला तीनदा पुकारलं, तोवर मिरवणूक फाटकाबाहेर पानठेल्यापर्यंत पोचली होती. गडी गादीवर नाही, म्हणून हरला.

कवडूला हे कळलं तेव्हा त्याच्या तोंडात कुणीतरी कोंबलेलं पान होतं. ते त्यानं तसंच गिळलं.

धावत परत आला तर दोर्जच्या गळ्यात पदक पडलेलं. समोर गणपतराव.

"साहेब, पाठ तं लागली होती ना त्याची! साऱ्यायनं पाह्यली!" कवडू रडकुंडीला आला.

"मीही पाहिली रे. पण फायलीत काय लावू? तुझी मिरवणूक?"

तेवढ्यात दोर्जच तिथं आला. गळ्यात पदक आणि चेहरा उतरलेला. त्यानं कवडूचं मनगट धरून हात वर उचलला. राहिलेलं मिनिट हा इथंच वसूल करतो की काय, म्हणून कवडूनं पाय रोवले. पण दोर्ज वाकला, कवडूच्या काखेखालून पलीकडे गेला आणि मान खाली घालून उभा राहिला.

रशियन शिकवणाऱ्या शोभाताई दुभाषी म्हणून आल्या होत्या. त्यांनी मंगोलियाच्या प्रशिक्षकाला विचारलं आणि सांगितलं, "त्यांच्या गावाकडे हरलेला पैलवान असा जिंकणाऱ्याच्या हाताखालून जातो. तो म्हणतो, पदक पंचांनी दिलंय, ते मला घरी न्यावंच लागेल. पण मी पडलो. कुस्ती याचीच."

कवडूला भरून आलं. ज्याला पाडलं त्याच्याच गळ्यात पडून तो लहान पोरासारखा रडला. देवरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. गणपतरावांनी मात्र खिशातून पेन काढलं.

"ताई, त्याला विचारा, हे तो लिहून देईल का?"

दोर्जनं लिहून दिलं. चांगलं पानभर, मनापासून, आपल्या भाषेत. खाली सही केली आणि प्रशिक्षकानं त्यावर गोल शिक्का हाणला. अक्षरं रशियन होती, पण भाषा मंगोलियाची, त्यामुळे अर्थ शोभाताईंनाही लागेना. कागद फायलीला लागला आणि सावनेरहून नागपूर, नागपूरहून मुंबई असा निघाला. वाटेत अकरा साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला. एकालाही तो वाचता आला नाही, आणि वाचता येत नाही असा शेरा मारायला एकही धजला नाही. अकराही जणांनी 'पाहिले' म्हणून सही केली आणि होळीच्या आत कवडू परमनंट झाला.