अप्पांची पिनबॉलची पेटी

"अप्पा, माझा पहिला नंबर आला."

दाक्षायणीने पुन्हा एकदा सांगितलं. या खेपेला आवाज अगदी पोटातून लावला, सकाळी वक्तृत्व स्पर्धेत लावला होता तसा. हातात बक्षिसाचा कप होता. मुलग्यांच्या शाळांनाही मागे टाकून मिळवलेला.

तिच्या वडिलांनी, शिवशरण अप्पांनी, वळून पाहिलं नाही. ते पिनबॉलच्या पेटीवर ओणवे झाले होते. पोट कडेला टेकलेलं, दोन्ही तळवे पेटीच्या दोन्ही बाजूंना घट्ट. काचेखाली स्टीलची गोळी या खुंटावरून त्या खुंटावर आदळत होती आणि प्रत्येक टोल्याला पेटीच्या पोटात घंट्या वाजत होत्या. एक बारीक, एक मधली, एक जाड. समोरच्या उभ्या काचेवर बेलबॉटममधले लांब केसांचे गोरे गवई गिटार घेऊन रंगवले होते, त्यांच्यामागे दिवे लागत होते, विझत होते.

तिने बाही ओढली तेव्हा अप्पा म्हणाले, "जेवलीस का?" आणि पुढची गोळी सोडली.

दाक्षायणी पाय आपटत स्वयंपाकघरात आली. तिची आई गौरम्मा भाकरी थापत होती.

"समोर जाऊन सांग की. तोंडाकडं बघून कळतंय त्यांना," ती म्हणाली. "उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला. कान राहतील व्हय?"

"मग त्या घंट्या बऱ्या ऐकू येतात."

"तेवढंच यायलंय. म्हणून तर मुंबईचं एक हॉटेल बंद पडल्यावर तिथनं ही पेटी उचलून आणली. पयल्या दिवशी डोळ्यात पाणी आलं हुतं त्यांच्या, ऐकू आलं म्हणून."

"आणि मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

"तुलाच न्हाय, कुणालाच न्हाय. जा, हात धू."

दुपारी अप्पा कारखान्यात गेले आणि दाक्षायणीने पेटीच्या पुढचं झाकण उघडलं. मेकॅनिकने पेटी बसवली तेव्हा ती शेजारीच उभी होती, कुठली वायर कशाची ते तिला पाठ होतं. घंट्यांची वायर तिने उपटली आणि झाकण लावून टाकलं. आता बघू कुणाचं ऐकू येतं ते.

संध्याकाळी गौरम्मा मठात गेली होती. अप्पा आले, अंगावरचा सुताचा भुसा झटकला, पाय धुतले, विभूती लावली आणि पेटी चालू केली. दिवे लागले. गोळी सुटली. खुंटांचे कोरडे ठोके पडत राहिले, ठक, ठक. दाक्षायणी कप घेऊन दारात तयार उभी होती.

अप्पांनी दुसरी गोळी सोडली. मग थांबून करंगळीने एक कान हलवला, मग दुसरा. पुन्हा एक गोळी सोडली. ती घरंगळत खाली गेली तरी त्यांनी गोळी वर उडवणाऱ्या दांडीचं बटन दाबलं नाही.

"दाक्षव्वा," ते म्हणाले. एरवी घर दणाणून सोडणारा आवाज एवढासा झाला होता. "ते बी गेलं बघ."

त्यांनी पेटी बंद केली. पलंगावरची चादर आणून तिच्यावर घातली, कोपरे ओढून सारखे केले आणि खुर्चीत जाऊन बसले.

दाक्षायणी कप काखेत धरून पेटीपाशी गेली. तिने चादर वर केली, झाकण उघडलं, वायर जागेवर खोचली. मग अप्पांच्या समोर जाऊन, ओठ नीट दिसतील असं म्हणाली, "वायर निघाली होती, अप्पा." मी काढली होती, हे काही तिच्याने म्हणवलं नाही.

अप्पा उठले. पोट टेकलं, तळवे लावले, गोळी सोडली. बारीक घंटी वाजली, मागोमाग जाड.

"यायलंय की गं," ते म्हणाले. "यायलंय. मला वाटलं, संपलं." ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचं लक्ष कपाकडे गेलं. "हे काय?"

"पहिला नंबर. भाषणात."

"पयला? पोरांच्या शाळा धरून?"

"धरून."

"आन् मला आत्ता सांगायलीस व्हय?"

त्यांनी कप हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, धोतराने पुसला. मग पेटीपासून बाजूला झाले.

"आज तू खेळ. आजवर कुणाला हात लावू दिला न्हाय. आज तुझ्या हातचं ऐकतो मी."

त्यांनी खुर्ची पार खिडकीपाशी ओढली. कप मांडीवर ठेवला, दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि डोळे मिटले, भजनाला बसल्यावर मिटायचे तसे.

दाक्षायणीने दट्ट्या ओढून सोडला. गोळी वर चढली ती खाली यायलाच तयार नव्हती. या खुंटावरून त्या खुंटावर नुसती नाचत होती. तिन्ही घंट्या एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, पेटीला टेकलेल्या तळव्यांखाली लाकूड प्रत्येक घंटेबरोबर थरथरत होतं, खोली भरून गेली होती. मठातून परत आलेली गौरम्मा उंबऱ्यात चप्पल काढता काढता म्हणाली, "अगं बया, आज लई वाजायलंय. पार बोळाच्या तोंडापतूर ऐकू यायलंय."

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. कपावरचे हात सारखे करत ते हसून म्हणाले, "अजून का थांबलीस? सुरू कर की, दाक्षव्वा."